काउंटरवरचा माणूस आणि खोटे बोलणारा ग्राहक : वाचकांचे प्रश्न

दुकानात काम करताना अप्रामाणिक ग्राहकांशी कसे वागावे, याविषयी आलेल्या पत्रांतून काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. बहुतेक पत्रे पगारी नोकरांची आहेत. कोणी गल्ल्यावर बसते, कोणी माल दाखवते, कोणी परत आलेला माल तपासून घेते. दुकान त्यांचे नाही, नियम त्यांनी केलेले नाहीत, आणि तरीही खोटे बोलणारा माणूस उभा राहतो तो त्यांच्याच पुढ्यात. म्हणून उत्तरे लिहिताना मालकाच्या नफ्याआधी नोकराची सुरक्षितता, त्याचा पगार आणि त्याचा मान यांचा विचार मी केला आहे. पत्रलेखकांच्या नोकरीला धक्का लागू नये यासाठी नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी कपड्यांच्या दुकानात परतीच्या काउंटरवर असते. काही ग्राहक महागडा कपडा घेतात, किमतीचे लेबल आत दडवून तो एखाद्या समारंभात घालतात आणि नंतर ‘आवडला नाही’ म्हणून परत आणतात. कपड्याला अत्तराचा वास येत असतो. मी काही विचारले की ‘म्हणजे मी खोटे बोलते आहे का?’ असा आवाज चढतो आणि रांगेतले सगळे माझ्याकडे बघू लागतात. अशा वेळी नेमके काय बोलावे?

उत्तर : त्या प्रश्नाला उत्तरच देऊ नका. ‘हो’ म्हणालात तर अपमान केल्यासारखे होते आणि ‘नाही’ म्हणालात तर कपडा परत घ्यावा लागतो. तुमच्यासमोर निर्णयासाठी आलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे कपड्याची आजची अवस्था. तो पुन्हा नवा म्हणून विकता येईल का, एवढेच ठरवण्याचे काम दुकानाने तुमच्याकडे दिले आहे, आणि तेवढ्यावरच ठाम राहिलात तर कोणाच्या इभ्रतीचा प्रश्न मध्ये येत नाही.

यासाठी तपासणी ग्राहकाच्या डोळ्यांदेखत, चांगल्या उजेडात आणि प्रत्येकाच्या बाबतीत सारख्याच क्रमाने करा. कपडा काउंटरवर पूर्ण पसरावा. आधी कॉलरची आतली बाजू पाहावी, कारण मानेचा घाम आणि पावडर तेथे सर्वांत आधी उमटते. मग काखेतले अस्तर, बाह्यांच्या कडा आणि खालची दुमड. कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागे पडलेल्या चुण्या घडीच्या रेघेपेक्षा वेगळ्या असतात: घडीची रेघ सरळ आणि एकटी असते, तर बसण्या-उठण्याने पडलेल्या चुण्या बारीक, वाकड्या आणि एकमेकींना लागून असतात. लेबल अडकवणारा प्लास्टिकचा धागा मूळच्या छिद्रातून गेला आहे की शेजारी दुसरे छिद्र पडले आहे, हे बोटाने चाचपले तरी कळते. यातले जे आढळेल त्यावर बोट ठेवा आणि सांगा : ‘कॉलरच्या आत हा डाग आहे. डाग असलेला कपडा आम्हाला परत घेता येत नाही.’ ‘तुम्ही हा घातला होता’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. ते खरे असले तरी तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, आणि सिद्ध करण्याची गरजही नाही. आवाज चढला तर तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणावे. नवे कारण पुढे करू नये, कारण प्रत्येक नव्या कारणाबरोबर नव्या वादाला तोंड फुटते.

अशा ग्राहकाकडून कबुलीची अपेक्षा का ठेवू नये, याचेही एक कारण आहे. ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली किशोरवयीन गुन्हेगारांविषयी लिहिताना असे मांडले की, नियम मोडणारा माणूस बहुधा तो नियम चुकीचा मानत नाही, तर स्वतःपुरती पळवाट काढतो. कोणाचे नुकसान झालेच नाही, ज्याचे झाले तो त्याच लायकीचा होता, मला नावे ठेवणारे तरी कोठे धुतल्या तांदळासारखे आहेत, अशा त्या पळवाटा. ‘एवढ्या मोठ्या दुकानाला एका कपड्याने काय होते’ हे तुम्ही रोज ऐकत असाल. ते यातलेच आहे. ज्याने मनाशी हिशेब आधीच चुकता केला आहे, त्याच्या दृष्टीने कबूल करण्यासारखे काही उरलेले नसते, आणि म्हणूनच त्याचा संताप पुष्कळदा नाटकी नसून खरा असतो.

केवळ वासावरून मात्र कपडा नाकारू नका. ट्रायल रूममध्ये तो आधी इतरांनी अंगाला लावून पाहिलेला असतो. वास, केस, पावडरीचा पुसट डागसुद्धा त्यांचा असू शकतो. खरोखरच शंका असेल तर तिचा फायदा ग्राहकाला मिळाला पाहिजे. दुकानाच्या नावलौकिकासाठी मी हे सांगत नाही. निरपराध माणसाला चारचौघांत खोटे पाडणे हा अन्याय आहे आणि तो आपल्या हातून होऊ नये, एवढेच त्यामागे आहे. उरला मालकाच्या हातातला उपाय : कपड्याच्या दर्शनी भागावर, घातल्यास लपणार नाही असे मोठे लेबल लावावे आणि ते काढल्यास कपडा परत घेतला जाणार नाही हे बिलावर छापावे. अनेक मोठी दुकाने असे करतात आणि परतीच्या काउंटरवरचा निम्मा वाद तेथेच मिटतो.

प्रश्न : मी गल्ल्यावर नवीन आहे. एका ग्राहकाने नोटांची अदलाबदल करत मला इतके गोंधळात टाकले की रात्री हिशेबात बरोबर १०० कमी भरले. नेमके काय झाले हे मला अजून उमगलेले नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातील वर्णनावरून ही फार जुनी हातचलाखी दिसते. ती टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण एकदा उलगडून पाहिली की पुन्हा फसणे अवघड जाते.

समजा, ग्राहकाने १० ची वस्तू घेऊन १०० ची नोट दिली. तुम्ही दहाच्या नऊ नोटा परत केल्या. येथपर्यंत सर्व चोख आहे. आता तो म्हणतो, ‘एवढे सुटे मला नकोत, हे घ्या आणि माझी शंभराची नोट परत द्या.’ तो हात पुढे करतो, तुम्ही शंभराची नोट देता आणि त्याने दिलेले सुटे मोजू लागता. ते ९० भरतात. तुम्ही तसे सांगता. तो ओशाळल्यासारखे करतो, खिशातून दहाची एक नोट काढून त्या गठ्ठ्यावर ठेवतो आणि त्याच दमात म्हणतो, ‘हे झाले शंभर. ही शंभराची नोटही ठेवा, झाले दोनशे. मला दोनशेची एकच नोट द्या, म्हणजे मिटले.’ तुम्ही गठ्ठा पाहता, नोट पाहता, बेरीज दोनशेच भरते, आणि तुम्ही दोनशेची नोट देऊन टाकता. परंतु त्या दोनशेंतील शंभराची नोट दुकानाचीच होती. तुम्ही क्षणापूर्वी ती त्याच्या हातात दिली होती. त्याने स्वतःचे १०० दिले आणि २०० नेले. बेरीज बरोबर होती, नोट कोणाची हे मधल्या मधे निसटले.

ही युक्ती हिशेबात कच्च्या माणसावर चालते असे समजून स्वतःला बोल लावू नका. ती चालते ती सौजन्यावर. ग्राहकाला ताटकळत ठेवू नये, त्याच्यावर अविश्वास दाखवू नये, रांग पुढे सरकावी, या तुमच्या चांगल्या सवयींवरच तिचा सारा डोलारा उभा असतो. म्हणून अशी माणसे गर्दीची वेळ आणि नवा चेहरा पाहून येतात, मध्येच काहीतरी विचारतात, लहान मुलाचे कौतुक करतात, घाई असल्याचे सांगतात.

उपाय असा. एका वेळी एकच व्यवहार पुरा करायचा. ग्राहकाने दिलेली नोट हातात येताच तिचे मूल्य मोठ्याने उच्चारावे, ‘शंभर मिळाले’, आणि ती नोट लगेच खणात न टाकता, ग्राहकाचा हात पोहोचणार नाही पण दोघांना दिसेल अशी, यंत्राच्या कडेला आडवी ठेवावी. उरलेले पैसे त्याच्या हातात मोजून द्यावेत, त्याने ते घेतले की मगच नोट खणात जावी आणि खण बंद व्हावा. ‘मी पाचशेची नोट दिली होती’ हा दुसरा नेहमीचा वादही यानेच टळतो, कारण नोट अजून समोरच असते. त्यानंतर कोणाला मोड हवी असेल तर तो नवा व्यवहार: त्याचे पैसे आधी घ्या, मोजा, खणात ठेवा आणि मगच तुमच्या हातातून नोट सुटू द्या. आपल्या हातातले पैसे देणे आणि दुसऱ्याचे घेणे एकाच वेळी करायचे नाही. गोंधळ उडतो आहे असे वाटले त्या क्षणी दोन्ही हात थांबवा, खण बंद करा आणि सांगा, ‘मला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागेल.’ प्रामाणिक ग्राहक थांबतो. दुसरा बहुधा घाईने निघून जातो.

प्रश्न : मांडणीवरची छोटी वस्तू एका माणसाने स्वतःच्या पिशवीत टाकल्याचे मी पाहिले. मॅनेजर म्हणाले, ‘मग धरले का नाहीस?’ मी घाबरलो हे खरे. माझे चुकले का?

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही. पकडणे हे विक्री करणाऱ्याचे काम नाही. ज्या माणसाजवळ काय आहे, त्याच्याबरोबर कोण आहे, तो नशेत आहे की जिवावर उदार झाला आहे, यातले काहीच आपल्याला माहीत नसते, त्याच्या अंगाला हात लावणे, वाट अडवणे किंवा रस्त्यावर पाठलाग करणे यांत कर्मचाऱ्यांना दुखापती झाल्या आहेत आणि जीवही गेले आहेत. पिशवीत टाकलेली वस्तू पुन्हा मागवता येते. शिवाय पिशवीत टाकणे म्हणजे चोरी झाली असेही अजून म्हणता येत नाही. हात मोकळे राहावेत म्हणून वस्तू पिशवीत ठेवून गल्ल्यावर रीतसर पैसे देणारी माणसे असतात. बळजबरीने अडवलेला माणूस निर्दोष निघाला तर कायद्याचा बडगा अडवणाऱ्यावर येऊ शकतो, आणि त्या वेळी मॅनेजर ‘मी तसे सांगितलेच नव्हते’ म्हणाले तर तुम्ही काय करणार?

तुमच्या हातात जे आहे ते मात्र पुष्कळ प्रभावी आहे. चोरी करणाऱ्याला हवे असते ते कोणाच्या नजरेत न येणे. तेवढे त्याला मिळू देऊ नका. जवळ जा, अंतर राखून उभे राहा आणि इतरांशी बोलता तसेच हसून विचारा, ‘काही मदत हवी आहे का? टोपली देऊ का तुम्हाला?’ पिशवीत एखादी वस्तू असलेल्या ग्राहकाला टोपली देऊ करण्यात कोणताही आरोप नाही. चुकून टाकली असेल तर तो सहज टोपलीत ठेवतो, मुद्दाम टाकली असेल तर आपल्याला पाहिले गेले आहे हे त्याला कळते. पुष्कळ वस्तू अशाच मुकाट्याने मांडणीवर परत येतात. त्याला ती परत ठेवायला वाट मिळाली पाहिजे, म्हणून दोघातिघांनी घेराव घातल्यासारखे उभे राहू नये. तरीही तो घेऊन गेलाच, तर लगेच वेळ, कपडे, अंगकाठी, कोणती वस्तू, कोणत्या बाजूने गेला, हे आठवणीत ताजे असताना लिहून काढा आणि सिक्युरिटीकडे द्या. ऐकीव आणि तर्काने जुळवलेले त्यात काही मिसळू नका.

आणि कोणावर लक्ष ठेवायचे हे कपड्यांवरून, बोलीवरून किंवा वर्णावरून ठरवू नका. तसे करणाऱ्या दुकानात गरीब माणसाचा उगाच पाणउतारा होतो आणि नीटनेटक्या पोशाखातला चोर निर्धास्त फिरतो. नजर हातांवर असावी.

मॅनेजरांना एक गोष्ट शांतपणे सांगण्यासारखी आहे. ग्राहकाने स्वतः मांडणीवरून माल उचलावा ही पद्धत दुकानदारांनीच आणली. क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा पद्धतीचे दुकान उघडले. त्याआधी तेथील वाणसामानाच्या दुकानांत काउंटरमागचा नोकर माल काढून देत असे. नव्या पद्धतीत नोकर कमी लागतात आणि विक्री वाढते, हा तिचा लाभ. माल उघड्यावर राहतो, ही तिची किंमत. लाभ मालकाने घ्यायचा आणि किंमत विक्री करणाऱ्या पोराने आपल्या अंगावर झेलायची, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

प्रश्न : आमच्याकडे स्वस्त वस्तूवरचा बारकोड काढून महाग वस्तूवर चिकटवण्याचे प्रकार होतात. यंत्र ‘बीप’ म्हणते, बिल होते आणि नंतर तूट दिसते. यंत्राला कसे कळत नाही? तसेच, नव्या मोबाइलच्या खोक्यात जुना मोबाइल घालून परत करणाऱ्यांचे काय करावे?

उत्तर : बारकोडमध्ये किंमत नसते, फक्त वस्तूचा क्रमांक असतो, किंमत दुकानाच्या संगणकातून येते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय येथील एका दुकानात आजच्या पद्धतीचा बारकोड प्रथमच गल्ल्यावर वाचला गेला, तेव्हापासून तत्त्व हेच आहे. त्या १२ किंवा १३ अंकांतील शेवटचा अंक बाकीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो आणि यंत्राने एखादा अंक चुकीचा वाचला तर तो त्याला अडवतो. परंतु चिकटपट्टी मुळात दुसऱ्या वस्तूची असेल तर तिच्यावरचे सर्व अंक एकमेकांशी जुळतातच, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने काही बिघडलेले नसते. हे काम डोळ्यांचे आहे. बीप झाल्यावर पडद्यावर आलेले नाव आणि हातातली वस्तू जुळते का, हे पाहण्याची सवय लावा. चिकटपट्टीची कड उचललेली असेल, ती कारखान्यात छापलेल्या बारकोडवर चिकटवलेली असेल, तर ‘हा कोड नीट लागत नाही, मी दुसऱ्या नगावरून लावतो’ एवढेच म्हणा. ती चिकटपट्टी कोणी लावली, हे विचारायची गरज नाही. आधीच्या कोणीतरी लावून अर्धवट सोडलेली असू शकते.

मोबाइलच्या बाबतीत १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, हा आधार आहे. तो खोक्यावर छापलेला असतो, विकताना बिलावर लिहिला पाहिजे, आणि चालू मोबाइलवर *#०६# दाबले की पडद्यावर येतो. खोके, बिल आणि मोबाइल, तिन्ही ठिकाणचा क्रमांक एक असल्याशिवाय परतीच्या कागदावर सही करू नका. खोके ग्राहकासमोर उघडा, त्याला पाठवून देऊन मागच्या खोलीत उघडू नका. एकदा माल तुमच्या ताब्यात आला की आतली वस्तू कोणी बदलली हा संशय तुमच्यावरही येतो.

प्रश्न : ग्राहक मोबाइलवर ‘पैसे गेले’ असे चित्र दाखवतो आणि सामान घेऊन निघतो. नंतर कळते की पैसे आलेच नाहीत.

उत्तर : ग्राहकाच्या मोबाइलचा पडदा हा पुरावा धरू नये. स्क्रीनशॉट जुना असू शकतो, बनवलेला असू शकतो, आणि पैसे खरोखर मध्येच अडकलेलेही असू शकतात. दुकानाच्या खात्यावर जमा झाल्याची नोंद किंवा दुकानाच्या यंत्राचा संदेश येईपर्यंत सामान काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवावे आणि सांगावे, ‘आमच्याकडे अजून आले नाहीत, थोडे थांबू या.’ ज्या नोकराला दुकानाच्या खात्याची नोंद पाहण्याची सोयच दिलेली नाही, त्याच्यावर या नुकसानीची जबाबदारी टाकता येत नाही.

प्रश्न : गल्ल्यात तूट आली की आमचे मालक ती पगारातून कापतात. ग्राहकाने फसवले असले तरी ‘तू लक्ष ठेवायला हवे होतेस’ म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते योग्य नाही. दुकानदारीत काही तूट येणारच, आणि मालाच्या किमती ठरवताना बहुतेक दुकानदार ती गृहीत धरतात. तीच तूट नोकराच्या पगारातून वसूल केली, तर एका नुकसानीची भरपाई दोनदा होते.

व्यवहारात पुढीलप्रमाणे वागा. पगारातून कपात करण्यावर अनेक देशांच्या कायद्यांत मर्यादा आहेत आणि कपातीआधी नोकराचे म्हणणे ऐकून घेण्याची अटही पुष्कळ ठिकाणी असते. तुमच्या ठिकाणचा नियम कामगार कार्यालयात किंवा संघटनेत विचारून घ्या. कपात कशासाठी, किती, कोणत्या दिवसाच्या तुटीसाठी, हे लेखी मागा. ‘सर्व तूट माझ्या जबाबदारीवर’ असल्या मजकुराच्या कागदावर नोकरी लागताना सही घेतली जाते, तो वाचल्याशिवाय सही करू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुमच्या खणात दुसऱ्या कोणाचा हात जात असेल तर त्या खणाचा जाब तुम्हाला विचारता येत नाही. पाळी सुरू होताना खणातील रक्कम दोघांनी मोजावी, दोघांनी सही करावी, संपताना तसेच. मधल्या वेळेत मालकांच्या घरच्यांनी येऊन खणातून पैसे नेले तर त्याचीही चिठ्ठी खणात पडली पाहिजे, आणि ती मागण्यात संकोच वाटू देऊ नये.

गल्ल्याच्या यंत्राचा इतिहासही या प्रश्नाशी जोडलेला आहे. जेम्स रिटी यांनी १८७९ साली ओहायोतील डेटन येथे ते तयार केले ते ग्राहकांसाठी नव्हे, तर स्वतःच्या मद्यगृहातील नोकर पैसे लांबवतात या संशयाने. संशयाची ही दिशा अजून बदललेली नाही. म्हणून नोकराने आपला प्रामाणिकपणा कागदावर दिसेल अशी व्यवस्था स्वतःच ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

प्रश्न : इतकी वर्षे हे काम करून आता मला प्रत्येक ग्राहक लबाड वाटू लागला आहे. घरीसुद्धा मी सगळ्यांच्या बोलण्यात खोट शोधते. यातून बाहेर कसे पडावे?

उत्तर : तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. फसवणारे ग्राहक थोडे असतात, पण दिवसभरातले तेवढेच घरी सोबत येतात. ज्यांनी पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि निघून गेले, त्यांचा चेहराही आठवत नाही. मनाची ही मोजणीच मुळात एकतर्फी असते.

दुसरे असे, की चेहऱ्यावरून आणि बोलण्यावरून खोटे ओळखण्याचे जे ओझे तुम्ही घेतले आहे, ते कोणालाच पेलत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली या विषयावरच्या दोनशेहून अधिक संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा माणसांचे खरे-खोटे ओळखणे सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाले. नाणे उडवून ठरवले तरी ५० टक्के बरोबर येते. या कामातले जाणकार मानले जाणारे लोकही इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. नजर चुकवणे, अडखळणे, घाम येणे ही लक्षणे खोटेपणाची जितकी, तितकीच भिडस्तपणाची, आजारपणाची किंवा खिशात पैसे कमी असल्याच्या लाजेची असतात. तेव्हा माणूस वाचणे सोडून द्या. पावती, माल, नोट, क्रमांक एवढे सर्वांचे सारखे तपासा. तपासणी सर्वांसाठी एकच असली की समोरचा कसा आहे हे ठरवण्याचे ओझेच राहत नाही, आणि ग्राहकाशी हसून बोलणे पुन्हा जमू लागते. मी हे घडताना पाहिले आहे. घरच्यांवर होणारा परिणाम मात्र केवळ कामाची पद्धत बदलून गेला नाही, तर समुपदेशकाशी बोलायला कमीपणा मानू नका. दिवसभर लोकांचा राग गिळून हसतमुख राहणे हेही श्रमच आहेत आणि ते थकवतात. शक्य असेल तर काही काळ परतीच्या काउंटरऐवजी दुसरे काम मागून घ्या.

प्रश्न : मी नियम दाखवून ग्राहकाला नकार देतो. तो आरडाओरडा करतो. मॅनेजर येतात आणि ‘जाऊ दे, घे परत’ म्हणतात. ग्राहक माझ्याकडे बघून हसत जातो. मग मी नियम पाळायचे तरी कशाला?

उत्तर : हा प्रश्न ज्यांनी वाचायला हवा ते मॅनेजर आहेत, म्हणून पहिले उत्तर त्यांना. सवलत देण्याचा अधिकार तुमचा आहे. पण ओरडल्यावरच ती मिळते असे एकदा दिसले, की रांगेतले सगळे ते शिकतात, आणि जो प्रामाणिक माणूस गेल्या आठवड्यात नकार ऐकून मुकाट्याने गेला त्याच्यावर तुम्ही अन्याय केलेला असतो. सवलत द्यायचीच असेल तर कर्मचाऱ्याचे म्हणणे आधी ऐका आणि मग ग्राहकासमोर म्हणा, ‘यांनी सांगितलेला नियम बरोबर आहे. या वेळेपुरता अपवाद मी माझ्या अधिकारात करतो आहे.’ या दोन वाक्यांनी नोकराचा मान राहतो आणि ग्राहकालाही कळते की पुढच्या वेळी हे गृहीत धरता येणार नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर नियम पाळत राहा, कारण तूट निघाल्यावर विचारणा होते ती बिलावर ज्याचे नाव आहे त्याला. मात्र मॅनेजरांनी अपवाद केला की परतीचा व्यवहार तुमच्या नावावर पुरा करू नका. त्यांचा सांकेतिक क्रमांक घालून त्यांनाच तो करू द्या, किंवा पावतीच्या मागे ‘डाग असूनही वरिष्ठांच्या सांगण्यावरून परत घेतला’ असा शेरा लिहून तेथल्या तेथे त्यांची सही घ्या. सही नाकारली तर तारीख, वेळ आणि बिलाचा क्रमांक स्वतःच्या वहीत टिपून ठेवा. महिनाअखेरीस असे अपवाद किती झाले आणि त्यांत तीच तीच माणसे किती वेळा आली, याची यादी सर्वांच्या बैठकीत, कोणावर रोख न ठेवता, मॅनेजरांपुढे ठेवा. ‘एखाद्या वेळी जाऊ दे’ असे ज्याला ते म्हणत होते, तो तोच ग्राहक पुन्हा पुन्हा येत असेल तर त्यांनाही त्या कागदावर दिसेल, आणि परतीचा नियम बदलायचा की पाळायचा हे तेव्हा त्यांना ठरवावेच लागेल.